मी जाते, म्हणणारा

रॅटलस्नेक लेज नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, पार्किंग लॉटमध्ये पाऊस पडत होता, की नुसताच हवेत लोंबकळत होता, ते कळत नव्हतं. सिएटलकडच्या पावसाला मुळी घाईच नसते. नीलांबरीने वायपर बंद केले, मागच्या सीटवर झोपलेल्या रुहीच्या गळ्यापर्यंत जॅकेट ओढलं आणि स्वतःला बजावलं – काकांना सोडायचं आणि आल्या पावली परत फिरायचं.

मोरेश्वरकाका तिच्या शेजारच्या बिल्डिंगमधले. बेलव्ह्यूत उभा जन्म काढला, रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात किलिमांजारोने घर केलं. आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, दोर नाही, कुदळ नाही, गाइडच्या मागे आठवडाभर नुसतं चालत राहायचं – हे ते इतक्या वेळा सांगत, की सुलेखाकाकूंनी एक दिवस हात टेकले. "जाऊ देत बाई. पण सरावालाच पाय मोडून घेतील. नीलू, तू गाडीने सोडशील का गं यांना? मला हायवेवर भीती वाटते."

भीती नीलांबरीलाही वाटत होती. इसाक्वा गावाच्या पुढे तिने दोन वर्षांत गाडी नेली नव्हती. ह्याच रस्त्यावर पुढे घाट लागतो. बर्फ बघायला म्हणून मित्राबरोबर निघालेल्या तिच्या नवऱ्याची, अमितची गाडी त्या घाटात घसरली होती. रुहीला ताप होता म्हणून नीलांबरी घरी राहिली होती. बूट घालता घालता अमित दारातून म्हणाला होता, "येतो गं." रोजच्यासारखंच. तिने वरसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण काकूंना नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगण्यापेक्षा गाडी चालवणं सोपं होतं.

काचेवर टकटक झाली. नारिंगी रेनकोट, टोपीच्या कडेवरून टपटपणारं पाणी आणि त्याखाली एक हसरा, सावळा चेहरा.

"मोरेश्वर? मी देव. मी तुझी गाइड आहे."

काका काच खाली करून बघतच राहिले.

"मी आज तुला वर घेऊन जाते," तो पुढे म्हणाला. मग वाकून त्याने पलीकडे नीलांबरीकडे पाहिलं. "अरे, तू पण आलास?"

नीलांबरीने मागे वळून पाहिलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"काय झालं?" तो गोंधळला. "मी... मी चुकीचं बोलले का?"

आणि नीलांबरी हसली. असं खळाळून, की तो आवाज ओळखीचा न वाटून रुही दचकून जागी झाली.

झालं होतं असं, की देव ओहायोतल्या डब्लिनमध्ये वाढला. वडील त्याला आठवायच्या आधीच निघून गेलेले. घरात आई आणि तो, दोघंच. आई स्वतःबद्दल म्हणे, मी येते, मी करते, मी दमले. ते त्याने स्वतःसाठी उचललं. आई त्याला म्हणे, तू आलास, तू जेवलास. ते त्याने सगळ्या जगासाठी ठेवून दिलं. दुसरं मराठी माणूस आजूबाजूला नव्हतं, आणि आईला त्याचं बोलणं इतकं गोड लागे, की तिने ते कधी सुधारलं नाही.

"म्हणजे तुझ्या मराठीत तू बाई आणि मी पुरुष," नीलांबरी म्हणाली. काका पुढे निघून गेले होते. ती परत फिरायचं विसरली होती.

देवने थोडा विचार केला. "मग कॉफी तू पाजणार ना? पुरुष पाजतात... असं मी ऐकले आहे."

"आमच्यात पुरुष फक्त 'चहा टाक' म्हणतात."

"मग म्हण. मी टाकते."

*

शनिवारमागून शनिवार येत गेले. आपण काकांना पोचवायला जातो, असं नीलांबरी स्वतःला सांगत असे. आदल्या संध्याकाळी कणीक जरा जास्त भिजवत असे, ती रुहीला भूक लागते म्हणून. आणि निघताना आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहत असे, ती – त्याला काही कारण सापडत नसे.

देवचा एकच नियम होता. किलिमांजारोवरचे वाटाडे त्यांच्या स्वाहिली भाषेत सारखं म्हणतात, पोले पोले. हळूहळू. घाई करणाऱ्याला डोंगर परत पाठवतो.

"पोळी पोळी," रुही म्हणाली.

"पोले."

"नो. पोळी. आई हॅज पोळी."

नीलांबरीने डबा उघडला. तूप-साखर लावून गुंडाळलेल्या पोळ्या पाहिल्यावर देवने आपली स्वाहिली तिथल्या तिथे सोडून दिली. त्या दिवसापासून त्या चढावर सगळेच 'पोळी पोळी' करत चालू लागले. देव किलिमांजारोला नेणार होता त्या ग्रुपमधले दोन अमेरिकन दंतवैद्यसुद्धा.

"हा मला अरेतुरे करतो," काका धापा टाकत कुरकुरत, "आणि स्वतःला बाई समजतो. नीलू, ह्याला शिकव जरा."

"राहू दे ना काका. कळतंय ना आपल्याला?"

"कळण्याचा प्रश्न नाही. भाषेचा प्रश्न आहे."

देव मागून येऊन तिच्या बरोबरीने चालू लागे. ओल्या फरच्या झाडांचा वास, बुटांखाली चिखलाचा चबचब आवाज, आणि त्याच्या रेनकोटची बाही तिच्या बाहीला लागून होणारी सळसळ... ती बाही दर वेळी बाजूला घ्यायची राहून जाई.

"तू नेहमी दरीच्या बाजूला का चालतोस?" एकदा त्याने विचारलं.

नीलांबरी दचकली. हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. रुही आतल्या अंगाला, आपण कडेला. घरातही ती अशीच वागे. रुही आणि खिडकी, रुही आणि गॅस, रुही आणि रस्ता, मध्ये कायम ती.

"कुणीतरी चालायलाच हवं," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी चढ सुरू होताच तो मुकाट्याने तिच्या बाहेरच्या बाजूला आला. रुही, मग ती, मग तो, मग दरी. माथ्यापर्यंत तो तसाच चालला. नीलांबरीने नजर पायांखालच्या दगडांवरून हलवली नाही. वर पाहिलं असतं तर रडू आलं असतं.

जानेवारीत बोलणं निघालं. पायथ्याच्या तळ्याकाठी ओल्या बाकावर दोघं बसली होती. रुही काकांना पाण्यात दगड मारायला शिकवत होती.

"काका म्हणतो, तू पुण्याला चाललास."

"ऑफिसने विचारलंय. तिथल्या ऑफिसात बदली देतायत. आई-बाबा आहेत तिथे... रुहीला आजी-आजोबा मिळतील." ती थांबली. "ह्या महिन्याअखेर सांगायचंय."

"आणि तुला काय हवं?"

किती दिवसांत कुणी हे विचारलं नव्हतं. लोक विचारत, कशी आहेस, काही लागलं तर सांग.

"मला..." ती म्हणाली, "मला रात्री दचकून जाग यायला नको. एवढंच."

देव आपल्या हातमोज्याची शिवण चाचपत राहिला. "मी वर्षात चार वेळा जाते. आफ्रिका, अलास्का... ते माझं काम आहे. पण मी येते, नीलांबरी. दर वेळी येते." मग तिच्याकडे न बघता, जवळजवळ तळ्याला उद्देशून, "तू राहिलास तर... मी तुझ्याकडेच येत जाईन."

त्या बोलण्यात निम्मं व्याकरण चुकलेलं होतं. पण ती बाकावर त्याच्या बाजूला जराशी सरकली.

"तू परत आलास की सांगते," ती म्हणाली. "तोवर विचार करते."

किलिमांजारोला निघालेल्या दोघांना विमानतळावर तिनेच सोडलं. काकांनी रुहीच्या हातात चॉकलेट ठेवलं, सॅक पाठीवर टाकली आणि रीतसर म्हणाले, "बरं पोरींनो, येतो."

देवने तिच्याकडे पाहिलं. "मी जाते."

"अरे, जाते काय म्हणतोस शहाण्या," काका म्हणाले. "निघताना जातो म्हणू नये. येतो म्हणावं. आई काही शिकवत नव्हती का तुझी?"

"असू दे काका," नीलांबरी घाईने म्हणाली. "त्याला जातेच म्हणू दे."

काकांना नवल वाटलं. पण तिचं गणित साधं होतं, आणि कुणाला सांगण्याजोगं नव्हतं. बरोबर बोलून गेलेला आला नव्हता. सगळंच चुकीचं बोलणारा कदाचित येईल.

*

डोंगरावरून रोज एक निरोप येई. देव संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर बोले आणि त्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवर तो आवाज ऐकायला मिळे. नीलांबरी सकाळी रुहीला डेकेअरला सोडून ऑफिसात पोचली, की कोट न काढताच कानाला हेडफोन लावी.

पहिल्या दिवशी जंगल. झाडांवर शेवाळाच्या दाढ्या, काळी-पांढरी माकडं, आणि सगळे मजेत. हे सगळं इंग्रजीत. आणि शेवटी, जरा हळू आवाजात, "मी ठीक आहे. मी पोळी पोळी चालते." साइटवर कुणा दंतवैद्याच्या बायकोने खाली लिहिलं होतं, शेवटची स्वाहिली ओळ फार सुंदर आहे. नीलांबरी दिवसभर त्यावर हसत होती. संध्याकाळी तिने सुलेखाकाकूंनाही ती ओळ ऐकवली, आणि काकूंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग झाडं संपली. मग झुडपं संपली. राखेसारखी जमीन, दगडांतून उगवलेली बोजड, कोबीच्या गड्ड्यांसारखी झाडं, तंबूवर पहाटे दव गोठून बसलेलं. मोरेश्वरचं डोकं दुखतंय, पण मोरेश्वर बोलायचा थांबत नाही. आणि शेवटची ओळ, "मी आज लवकर झोपणार. काका मला शिकवतोय... शिकवतायत."

तिच्या छातीत बारीकसं काही टोचलं. मग तिने ते झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवशीची ओळ होती, "मी चाललो आहे. बरोबर ना?" मागून काकांचा दमलेला, खूश आवाज आला, "शाब्बास." त्या उभ्या कड्यावर, विरळ हवेत, एकेक पाऊल टाकत म्हातारा त्याच्याकडून घोकून घेत होता, मी येतो, मी जातो, ती येते, ती जाते. भाषेचा प्रश्न होता.

शिखराच्या आदल्या मुक्कामाचं नाव बराफू. म्हणजे बर्फच, देवने सांगितलं, आपलाच शब्द. वारा इतका होता, की निम्मे शब्द उडून जात होते. सगळे चहा पिऊन पडणार, मग अंधारात निघणार, सूर्याबरोबर माथ्यावर. शिखरावरून निरोप देईनच. आणि मग, प्रत्येक अक्षर जपून, परीक्षेला बसल्यासारखं:

"नीलांबरी... येतो गं."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो 'गं'सुद्धा काकांनीच शिकवला असणार. बायकांशी बोलताना असं म्हणतात बाबा, असं सांगून. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. कुणालाच माहीत नव्हतं.

शिखरावरून निरोप आला नाही.

रात्रभर आला नाही. सकाळी आला नाही. ऑफिसात ती पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. तिथे बराफूचीच ओळ होती, आणि ती ऐकायचं धाडस होत नव्हतं. कंपनीत फोन केला, तर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, काळजीचं कारण नाही, उंचावर असं होतं कधी कधी. अमित गेला त्या दिवशीही फोनवर असाच गोड आवाज होता. मॅम, आर यू अलोन ॲट होम?

बाहेर अंधारलं. लोक उठून गेले. नीलांबरी डोळे मिटून बसली होती, आणि मिटल्या डोळ्यांसमोर अमित बूट घालत होता. तिने वर पाहिलं, तर दारात देव होता. पुन्हा अमित. पुन्हा देव. कोट अंगातच होता. किती वाजले, हे बघायचं तिच्या मनात आलं नाही.

आलं तेव्हा डेकेअर बंद होऊन बराच वेळ झाला होता.

दिवे विझवलेल्या लांब खोलीत एकच दिवा चालू होता. टीचर खुर्चीत बसली होती, आणि तिच्यासमोर रुही – जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, टोपी घातलेली, दप्तर पाठीवर. निघायला तयार. कधीपासून तयार. ती रडत नव्हती. तेच भयंकर होतं.

"सॉरी पिल्लू. आईला उशीर झाला. आई..."

"इट्स ओके," रुही म्हणाली. समजूतदारपणे, मोठ्या बाईसारखं. "आय थॉट यू वेंट लाइक बाबा."

गाडीत बसल्यावर तिने मागे हात करून रुहीचा पाय धरला. घर येईपर्यंत धरूनच ठेवला. रुही झोपली, तरी सोडला नाही. आयुष्यभर ती दरी आणि रुही यांच्या मध्ये चालली होती. आज दरीच्या बाजूला रुही होती, आणि तिची आई दुसऱ्याच कुणाची वाट बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. सगळे माथ्यावर पोचले, सगळे सुखरूप उतरले, मोरेश्वरकाका शिखरावरच्या पाटीला मिठी मारून रडले. थंडीने फोनची बॅटरी गेली होती. बस, एवढंच. बॅटरी.

नीलांबरीने तो पूर्ण ऐकला. मग तिने डोळे पुसले आणि ऑफिसला उत्तर लिहिलं – पुण्याला जायला तयार आहे.

*

"तू आलीस," देव म्हणाला.

तोच पार्किंग लॉट, तोच रेंगाळणारा पाऊस. भेटायला तिनेच इथे बोलावलं होतं. मागच्या सीटवर रुही झोपली होती. देवच्या नाकाची साल निघाली होती, ओठ फुटले होते, आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर गॉगलची पांढरी खूण राहिली होती. तो तिला इतका आवडला, की तिने दोन्ही हात खिशात घातले.

"मराठी सुधारली तुझी."

"काकांनी मारून मुटकून शिकवली. चांगली आहे?"

"एकदम शुद्ध."

तो हसला, आणि मग तिचा चेहरा पाहून थांबला. ती बोलत गेली. अमितबद्दल, बुटांबद्दल, येतो गं बद्दल. रुहीच्या गळ्यापर्यंत लावलेल्या चेनबद्दल. पुण्याबद्दल. तो ऐकत राहिला, आणि त्याच्या टोपीवरून पाणी टपकत राहिलं.

"मी सोडतो हे काम," तो म्हणाला. "डोंगर सोडतो. इथेच नोकरी बघतो."

"मग तू ऑफिसला जाशील. गाडीने." तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचं तिलाच भय वाटलं. "मग मी संध्याकाळी तुझ्या गाडीची वाट बघेन. दहा मिनिटं उशीर झाला की मी पुन्हा तीच होईन. डोंगराचं नाही रे. मला कुणाची वाटच बघता येत नाही आता. तू आवडत नसतास, तर बघता आलीच असती."

"कधीतरी बघता येईल."

"तोपर्यंत रुही टोपी घालून बसेल?"

तो एक पाऊल पुढे आला, आणि मग अगदी हळू, लहान मुलासारखा म्हणाला, "मी पुन्हा चुकीचं बोलते. बघ... मी चालले. मी जेवले. तू आलास. मी नेहमी असंच बोलत जाईन."

नीलांबरीला हसू आलं आणि हसता हसताच तिचा चेहरा मोडला. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, गालाशी नेला, आणि थंड, खरखरीत बोटांवर ओठ टेकवले. एकदाच. मुद्दाम केलेली चूक ती चूक नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. ती मराठी डोंगरावर राहिली होती, बराफूच्या वाऱ्यात. आता ती कुणालाही परत आणता येणार नव्हती.

"लव्ह यू," तो म्हणाला. "हे मराठीत कसं म्हणतात, ते काकांनी नाही शिकवलं."

"त्यांनाही माहीत नसेल. आमच्यात विचारतात, जेवलास का."

"जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलली. मग डबा काढून तिने त्याच्या हातात ठेवला. डबा अजून कोमट होता.

ती गाडीत बसली. मागे हात करून रुहीचं जॅकेट सारखं केलं. तो खिडकीपाशी वाकला, पहिल्या दिवशी वाकला होता तसाच, आणि त्याने खूप विचार करून, चुकू नये म्हणून सांभाळून म्हटलं, "मी येतो. पुण्याला. कधीतरी... येतो."

तिने वर पाहिलं. ह्या वेळी नीट, डोळे भरून पाहिलं. सोललेलं नाक, गॉगलची खूण, टोपीवरचं पाणी.

"मी जाते," नीलांबरी म्हणाली.

आणि गाडी वळली. निरोप घेताना दोघांचंही व्याकरण पहिल्यांदाच बरोबर होतं.